खिडकीतला क्यू

बिलियर्डच्या क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चामड्याची एक लहानशी टिकली असते, तिला टिप म्हणतात. चेंडूला लागते ती एवढीच. बाकीचं सगळं लाकूड नुसतं मिरवायला.

गुलबर्ग्याच्या ऑफिसर क्लबात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या खजुरी गावात काठी म्हणजे बैल हाकायची. क्लबात टेबल सांभाळायला एक म्हातारे मार्कर होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. खेळाचे गुण मोजायचे, टेबलाला ब्रश मारायचा आणि टिपा बसवायच्या, हे त्यांचं काम. दुपारी तिथे चिटपाखरू नसे. माझं काम आटोपलं की मी त्यांच्यासमोर शहाबादी फरशीवर बसे आणि हळूहळू कानस माझ्याही हातात आली.

जुनी टिप चाकूने खरवडायची. खालची पितळी टोपी घासून लख्ख करायची. सरस ऊन करून नवी टिप चिकटवायची, सुताने आवळायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या वाटेला जायचं नाही. मग वस्तऱ्याने बाहेर आलेली कड कापायची, कानशीने माथा अर्ध्या बोरासारखा गोल करायचा. शेवटी कडेला थुंकी लावून चामड्याच्या तुकड्याने खसाखसा घासायचं, म्हणजे कड घट्ट बसते आणि टिप माराने पसरत नाही. या थुंकीपाशी माझं घोडं अडायचं. मी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग आणि जिभेला चामडं, हे माझ्याने होईना. मी वाटीत पाणी घेऊन बसे.

चाचा हसत. "पानी नक्को, अप्पा. पाण्यानं चामडं फुगतंय. थुंकीनंच चमक येती."

त्यांची आणखी एक रीत होती. ज्याची टिप काढली असेल त्याचा क्यू ते व्हरांड्याच्या खिडकीत टांगून ठेवत. टांग्यातून येणाऱ्या मेंबराला लांबूनच आपला क्यू ओळखू येई, उघडी पितळी टोपी उन्हात चमकताना दिसे. आज आपला खेळ नाही, हे समजून तो टांगा न थांबवता निघून जाई. जुन्या मेंबरांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याबद्दल कुणी बोलतही नसे.

पोलीस ॲक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि जुने मेंबर पांगले. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याहून लांब. त्यांचे क्यू भिंतीशी तसेच उभे राहिले. त्यांत एक काळ्या मुठीचा होता, मुठीत हस्तिदंताची फुली जडवलेली. तो आमच्याकडच्या एका जुन्या तहसीलदाराचा. ज्या टोळीने आमचं दुकान जाळलं तिला बंदुका यानेच दिल्या, असं गावात सगळे म्हणत. ॲक्शनच्या आधीच्या त्या पावसाळ्यात मी गावी गेलेलो असताना आम्ही रातोरात संस्थानाची हद्द ओलांडून अक्कलकोटकडे पळालो. आईच्या डोक्यावर गाठोडं होतं आणि माझ्या पाठीवर आजारी वडील. वडील परत आले नाहीत. तहसीलदार फरार झाला, त्याच्यावर वॉरंट निघालं.

आणि चाचा त्याच्या क्यूची टिप जपत होते. गुलबर्ग्याच्या उन्हाळ्यात चामडं तडकतं, म्हणून ते ती वरचेवर घासत, सुईने टोचून खरखरीत करत, खडू लावून चेंडूवर एकदा मारूनही बघत. मला ते बघवत नसे.

"चाचा, ह्या माणसाची काठी कामून जपायलाव?" मी एकदा विचारलंच.

"वाळलं की निघून पडतंय. माणूस आल्यावर त्याच्या हातात टकली काठी द्यायची व्हय? त्यांच्या अब्बांची हाय ती."

"त्यो परत येऊच न्हाई."

"हौ," ते म्हणाले. "पण काठीनं काय केलंय, अप्पा?"

मी कानस आपटून उठलो. चाचांच्या मुलीचं लग्न त्या तहसीलदाराने पुढे उभं राहून लावून दिलं होतं, हे मला माहीत होतं. ते उपकार फेडत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर फेडत होते, म्हणून माझा जळफळाट होई.

ॲक्शननंतरच्या त्याच उन्हाळ्यात मुंबई इलाख्यातून एक नवे पोलीस अधिकारी आले. स्वच्छ मराठी बोलत. क्लबात इतकी वर्षं उर्दू ऐकून कान किटले होते, मला तर ते घरचेच वाटले. खेळतही उत्तम. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीशी जाऊन एकेक क्यू उचलून पाहिला. काळ्या मुठीच्या क्यूशी थांबले. टिपेवरून अंगठा फिरवला, निळा खडू बोटाला लागला तो बघितला.

"हा कोणाचा?"

चाचांनी सरळ नाव सांगितलं. लपवायचं काही आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मालक फरार आणि टिप मात्र कालची," अधिकारी म्हणाले. ते हसलेही. मला त्या क्षणी कळलं की या माणसाला चामड्यातलं सगळं समजतं आणि चाचांतलं काहीच समजत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांना कचेरीत बोलावलं. क्यूचा मालक गुपचूप येऊन खेळून जातो, असंच अधिकाऱ्यांनी धरलं होतं. रिकाम्या काठीची कुणी अशी निगा ठेवतो, यावर कोण विश्वास ठेवणार? चाचा परत आले तेव्हा त्यांना मारल्याची खूण नव्हती, पण चालताना ते भिंतीला हात लावत होते. कचेरीतला हुकूम त्यांनी मला सांगितला तो असा: तहसीलदार भालकीच्या बाजूला कुठेतरी लपून आहे. चाचांच्या जावयाकरवी त्याला निरोप जायचा, की दुपारी क्लबात कुणी नसतं, तुमचा क्यू घेऊन जा. टिप रोज ताजी ठेवायची, क्यू जागेवर ठेवायचा. तो सापडला की चाचा मोकळे. नाही आला तर चाचांनीच त्याला सावध केलं असं समजलं जाईल.

"एका काठीसाठी येतोय व्हय कुणी?" मी म्हणालो.

"येतेत," चाचा म्हणाले. "येतेत ते."

निरोप गेला. क्लबात एक नवा माळी आला, त्याला झारी धरता येत नव्हती. दुसरा एक जण व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसे आणि पान उलटायला विसरे. चाचा रोज तो क्यू मांडीवर घेऊन टिप घासत, आधीपेक्षाही जास्त. इतकी सुरेख गोलाई मी त्यांच्या हातची कधी पाहिली नव्हती. रस्त्यावर टांग्याची घंटा वाजली की त्यांचा हात थांबे आणि घंटा पुढे गेली की पुन्हा सुरू होई. मीही ऐकत असे. तो माणूस पकडला जावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि चाचांच्या हातून पकडला जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं.

मग एका दुपारी चाचांनी वस्तरा घेतला आणि ती टिप मुळापासून उडवली. पितळ घासून लख्ख केलं. उठले, आणि क्यू खिडकीत टांगला.

माळी बघत होता. व्हरांड्यातला माणूसही. दोघांनाही त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं: आज खेळ नाही.

थोड्या वेळाने अधिकारी आले. त्यांनी चाचांना नाही, मला विचारलं, "हा इथे का टांगलाय?"

वडिलांचं ओझं माझ्या पाठीला आजही जाणवतं, तेव्हा तर ते ताजं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. पण त्या तहसीलदारावर माझा राग होता, चाचांवर नव्हता.

"उन्हानं टिप निघाली, साहेब," मी म्हणालो. "नवी बसवायच्या आधी टोपी सुकायला ठेवलीय."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात पडद्याचा एक टांगा फाटकाशी आला, घोडा मंदावला. पडदा बोटभर सरकला. मग टांगेवाल्याने लगाम सैल सोडला आणि टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला. चाचांनी वर पाहिलं नाही.

सगळं निभावलं असतं. पण चार वाजता एक डॉक्टर आले, गावातच राहिलेले जुने मेंबर, बिचारे स्वभावाने बोलके. खिडकीकडे बघून हसत म्हणाले, "अरे वा, तहसीलदारसाहेबांना आजही परत पाठवलं वाटतं, चाचा?"

अधिकाऱ्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. डॉक्टरांना शेजारी बसवून घेतलं आणि या रिवाजाबद्दल शांतपणे सगळं विचारून घेतलं. डॉक्टरांनी कौतुकाने सांगितलं. चाचा आपली पेटी आवरत होते. कानस, सूत, सरसाचं भांडं त्यांनी जागच्या जागी ठेवलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली. माळी त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी मान वळवली नाही. माझ्याकडे बघितलं असतं तर मीही अडकलो असतो, हे त्यांना माहीत होतं.

ते परत आले नाहीत. कचेरीतून कधी एक उत्तर मिळे, कधी दुसरं. त्यांची मुलगी कचेरीच्या फाटकाशी जाऊन बसे, तेही पुढे तिने सोडून दिलं.

चाचांना नेलं त्या संध्याकाळी मात्र अधिकारी क्लबातच थांबले. खिडकीतला क्यू काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "टोपी सुकली असेल आता," ते म्हणाले. "बसवा टिप. उद्यापासून हे काम तुमच्याकडे."

मी सरस ऊन केला, टिप चिकटवली, सुताने आवळली. दुसऱ्या दिवशी ते समोर खुर्ची घेऊन बसले. मी कड कापली, माथा गोल केला. पाण्याची वाटी आणायला मी उठू लागलो, तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. "तो कसा करायचा, तसं करा."

मी क्यू तोंडाशी नेला आणि चामड्याला जीभ लावली. तोंडात थेंबभर ओल नव्हती.