लग्नाचा चौक कुठे आहे हो?

ट्रॅफिक हवालदार म्हणून नाशकात मी तीस वर्षं चौकात उभा राहिलो. त्यामुळे चौक म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. ते बोईसरला मोडलं.

झालं असं, की आमच्या मनूने जाहीर केलं, "बाबा, रजिस्टर लग्न. मांडव नाही, बँड नाही." एकुलती एक पोर! मी चार दिवस कुणाशी धड बोललो नाही. शेवटी नलिनी, आमची सौ., म्हणाली, "फुगून बसण्यापेक्षा तिला एखादं चांगलं वारली चित्र तरी देऊ या." तिनेच बोईसरच्या एका गॅलरीचा नंबर शोधला. तिथली मीनल फोनवर म्हणाली, "या ना, लग्नाचा चौक दाखवते." तो निरोप जसाच्या तसा माझ्याकडे आला आणि मी गाडी काढली.

सकाळी सहाला निघालात तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत दहापर्यंत मनोरला पोचाल, तिथून पुढे बोईसर. घाटात वळणं फार, पोट हलकं ठेवा. मी मिसळ खाऊन निघालो होतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

बोईसरला कारखान्यांच्या ट्रकांमागे अर्धा तास गेला. मग मी एका रिक्षावाल्याला लग्नाचा चौक विचारला.

"शादी का चौक? ऐसा तो कोई चौक नहीं है, काका. बैंडवाला चाहिए क्या?"

पुढच्या पानवाल्याने मात्र आत्मविश्वासाने हात दाखवला. गेलो, तर मंगल कार्यालय! दारात एकाने गुलाबपाणी शिंपडलं, दुसऱ्याने हातात सरबत दिलं आणि विचारलं, "मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलीकडचा," मी म्हणालो. खोटं काय त्यात? नलिनीने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि मीनलला फोन लावला.

गॅलरी निघाली भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. शोधायचीच असेल तर दुकान विचारा, चौक नको. आत भिंतीभर चित्रं: नाच, भातलावणी, ताडी उतरवणारा गडी. प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव, गाव आणि फोटो. किंमतही चित्रकारच ठरवतात, तेव्हा घासाघीस करू नका. मी केली, मीनल नुसती हसली.

खिडकीशी लाडकीबाई बसल्या होत्या, डोंगराकडच्या पाड्यावरच्या चित्रकार. चौक म्हणजे लग्नघरात भिंतीवर काढतात ती देवीची चौकट, हे मला तिथे कळलं. नलिनी माझ्याकडे बघतच राहिली.

"तोच द्या," मी म्हटलं. "चार फूट बाय तीन. सोफ्यामागच्या भिंतीवर बसेल असा."

"लगीन कोनाचा?" बाईंनी विचारलं.

"मुलीचं. पण रजिस्टर आहे."

"चौक कापडावर नाय काढत मी. लगीनघरात काढते."

"बाकी सगळं विकते काका," मीनल म्हणाली, "पण चौकाचं बाई म्हणतील तसं."

माझं डोकंच फिरलं. दोन्ही हात वर करून ओरडलो, "अहो, आमच्या घरी लग्नच नाही! तेच तर दुखणं आहे!" आणि डोळ्यांत पाणी आलं. साठी उलटलेला माणूस, भर दुकानात!

लाडकीबाईंनी कुंचला खाली ठेवला. "पोरगी लगीन करते ना? मंग घरात लगीन हाय. मांडव नाय तं नाय. भिंत हाय ना?"

"आहे."

"रंग कंचा?"

"पांढरा. गेल्याच महिन्यात दिलाय."

"पांढऱ्यावर पांढरा कसा दिसल? गेरू लावा."

नलिनी खुर्चीत बसली. तो रंग तिने तीन दुकानं फिरून निवडला होता.

संध्याकाळी बोईसरजवळच्या नवापूरच्या समुद्रावर गेलो. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. तिथूनच मनूला फोन करून सगळं सांगितलं.

"बाबा, भिंत खराब होईल."

"होऊ दे."

मग म्हणाली, "मला हळद लागेल का हो, त्या बाईंकडून?" रजिस्टरवाली पोर माझी! शेजारची कोळीण म्हणाली, "दादा, रडून झाला असल तं बोंबील घ्या." दोन किलो घेतले. गाडीला अजून वास येतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी लाडकीबाई आपल्या जावेला घेऊन नाशकात आल्या. तांदळाच्या पिठाने दिवसभर चौक काढला, गाणी म्हटली, मनूला हळद लावली. चौकात देवी, घोड्यावर नवरानवरी. आणि चौकटीबाहेर एक एकटा माणूस, हात वर केलेला, शेजारी गाडी.

"हा कोण?" मनूने विचारलं.

"तुजा बा. चौक धुंडतो."

सगळे इतके हसले की गल्लीतले लोक डोकावून गेले.

मनू आता पुण्याला असते. सोफा आम्ही दुसऱ्या भिंतीला लावलाय. चहा पिताना मी रोज समोर बघतो. माझा हात अजून वर आहे, चौकात गाडी थांबवायला करायचो तसाच. घोडा काही थांबलेला नाही.