रुळाचा टोल

पातूर रस्त्यावरच्या त्या संस्थानात दोन घंटा. देवळातली पितळेची, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या ओट्याशी टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. तो स्वयंपाकीण माणिकबाईंनी माहेरून, धामणगावच्या भंगारवाल्याशी घासाघीस करून आणलेला. वसतिगृह संस्थानाचं, पण चालतं सरकारच्या अनुदानावर, आणि पोरी सगळ्या जातीधर्मांच्या. ज्यांना आरतीला जायचं नाही त्यांनी भुकेनं ताटकळू नये, म्हणून जेवणाचा हा रूळ आरतीच्या आधीच वाजायचा. बाकीच्या आरती करून जेवायच्या. माणिकबाईंचा हा कायदा कोणी लिहून दिला नव्हता आणि मोडायची कोणाची टाप नव्हती.

बाई स्वतः पक्क्या भाविक. एकादशी कधी चुकली नाही. पण वाढायला हात हवा ना! त्यामुळे इथे आल्यापासून एकदाही त्यांना आरती मिळाली नाही. ओट्यापाशीच हात जोडायच्या आणि वरणात पळी घालायच्या.

त्या दिवशी विश्वस्त देवीदासभाऊ सकाळीच स्वयंपाकघरात आले. माणूस वाईट नव्हे. अनुदान रखडलं की घरची तूर आणून टाकणारा. पण उत्साह दांडगा.

"माणिकबाई, आज समाजकल्याणच्या मॅडम येऊन राहिल्या. साऱ्या पोरी आरतीत उभ्या पाहिजेत. संस्कार दिसले पाहिजेत. रूळ आरती झाल्यावरच वाजवजा."

"अन् ज्यायले नाही यायचं, त्यायनं?"

"एक दिवसानं काय बिघडते? अनुदान बंद पडलं तं पोरी जातीन कुठं?"

पोरी घरी गेल्या की शाळा सुटणार आणि लग्नं लागणार, हे बाईंनी पाहिलेलं होतं. पण सरकारचा पैसा सगळ्यांच्या ताटाचा, तो एकाच्याच देवापुढे कसा उभा करायचा? दिवसभर गोळाभाताचे गोळे वळता वळता त्यांनी स्वतःशी वाद घातला.

संध्याकाळी मॅडम आल्या. देवीदासभाऊंनी आरतीचं तबक सजवून ठेवलेलं. बाई ओट्यावरून उतरल्या आणि रुळावर असा टोल हाणला की देवळावरची कबुतरं उडाली. निम्म्या पोरी ताटं घेऊन पंगतीत बसल्या. देवीदासभाऊंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

मॅडम पंगतीतच बसल्या. शेजारी दामिनी होती, तेल्हाऱ्याकडच्या बौद्ध कुटुंबातली पोर. त्यांनी हळूच विचारलं, "आरतीला गेली नाहीस, तर कोणी रागवत नाही?"

"रागावते ना, मावशी रागावते," दामिनी माणिकबाईंकडे बघत म्हणाली. "ताटात टाकलं तं."

मॅडम खळखळून हसल्या. देवीदासभाऊंकडे वळून म्हणाल्या, "सक्ती तर नाही ना, एवढंच बघायला आले होते. अनुदान चालू राहील."

देवीदासभाऊ ओट्यापाशी येऊन म्हणाले, "वाचवलं तुमी, माणिकबाई." आणि आरतीला गेले.

पितळी घंटा घणघणली. बाईंनी सवयीनं ओट्यापाशीच हात जोडले. तेवढ्यात दामिनीनं त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

"जा ना मावशी. वाढाले आमी आहो."

माणिकबाई पदराला हात पुसत देवळात उभ्या राहिल्या. दुसरं कडवं त्यांना आठवेचना. शेजारी उभे देवीदासभाऊ मुद्दाम मोठ्यानं म्हणू लागले, त्यांना ऐकू जावं म्हणून.