सगळीकडं ‘नाही’

कळंबच्या एसटी स्टँडसमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माझ्या मास्तरकीच्या पेन्शनपायी तिथं नेहमी जाणं होतं, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न तो मोठ्यानं वाचतो, उत्तर घेतो, पुन्हा वाचून दाखवतो. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. दुपारचा डबासुद्धा भिंतीकडं तोंड करून एकटाच खातो.

परवा पुतण्याला घेऊन गेलो. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरायचा होता. ‘पूर्वी कधी अमली पदार्थ घेतले आहेत का?’ हा प्रश्न आला तसा दुकानदारानं कीबोर्डवरचे हात उचलले. त्यानं कीबोर्ड पुतण्यापुढं सरकवला.

"हे तुमचं तुम्ही भरा."

"नाही मारा की," मी म्हणालो. "सगळीकडं नाहीच असतं."

"माझ्या नोकरीच्या फॉर्मवर भरणाऱ्यानं असंच न विचारता नाही मारलं, सर. म्याबी सही ठोकली. कॉलेजात गांजा वढला व्हता, ते चौकशीत निघालं. साहेब म्हणले, जुनी गोष्ट व्हती, सांगितली असती तर बघितलं असतं. पण खोटं कसं चालवून घिऊ? नोकरी गेली ती गेलीच."

एवढं बोलून तो बाहेर गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

मी पुतण्याकडं बघून हसलो. तो हसला नाही. त्याचं बोट बटणावर तसंच होतं.

"काका," तो म्हणाला, "तुम्हीबी जरा बाहेर थांबता का?"