बियाण्याचं घर

कुलूप दिसलं की घर रिकामं समजणाऱ्या माणसांचा मला अजूनही संताप येतो.

साठच्या दशकात मी रत्नागिरीहून आखातातल्या रास अल खैमाला गेलो आणि जमिनीची मोजणी करणाऱ्या एका तुकडीत स्वयंपाकी म्हणून लागलो. उन्हाळा सरत असताना आम्ही गाढवांवर सामान लादून डोंगरातल्या एका दरीत चढलो. तिथे ना झरा, ना विहीर. उतारावर दगडी बांध घालून केलेली शेतं, पावसाचं पाणी साठवायचं टाकं आणि अर्धी जमिनीत पुरलेली दगडी घरं, एवढंच. दारांना हातभर लांबीची लाकडी कुलपं होती.

गाढववाला म्हातारा त्याच दरीतला. त्याने वाटेतच सांगितलं होतं, की माणसं खजूर उतरवायला किनाऱ्यावर गेलीत, पाऊस झाला की येऊन जव पेरतील. आम्हाला पोचवून तोही खाली गेला. यात न समजण्यासारखं काय होतं? आमच्याकडे पावसाळ्यात होडी वर ओढून झापांनी झाकतात, ती काय कुणी टाकून दिलेली असते?

तुकडीच्या साहेबाने सगळ्यात भक्कम घराचं कुलूप फोडायला लावलं. आत छातीएवढे रांजण, जवाने भरलेले. सगळ्या दरीचं बियाणं तिथे होतं. त्यातला एक रांजण साहेबाला बंगल्यात ठेवायला हवा होता. तो दारातून निघेना. निघणार कसा? तिथे आधी रांजण मांडतात आणि मग त्यांच्याभोवती भिंती उभ्या करतात.

मी म्हणालो, "साब, ये लोगों का बीज है. बारिश में वापस आते हैं."

"इधर कोई नहीं रहता. खलास," साहेब म्हणाला.

दार रुंद करायला भिंत पाडली, तसं छप्परही खाली आलं. रांजण फुटले, साहेबाला हवा होता तोसुद्धा. जव मातीत सांडले आणि आम्ही तंबू गुंडाळून निघालो. मागे रानबकऱ्यांनी दाणा शिल्लक ठेवला नाही.

थंडीत तो म्हातारा बाजारात भेटला. डोंगरात पाऊस छान झाला, म्हणाला. मग कधी निघताय, असं मी विचारलं.

"वर जाऊन पेरू काय?"

त्या वर्षी कोणी वर गेलं नाही. पुढे बांध ढासळले, टाक्यात गाळ भरला, पोरं किनाऱ्यावरच कामाला लागली. इथे कोणी राहत नाही, हे साहेबाचं म्हणणं तेव्हा धडधडीत खोटं होतं. त्यानेच ते खरं केलं.