कलम चार : पडल्यास उचलणे

बाबालालमामा गेल्याचं मला दवाखान्याच्या फळ्यावरून कळलं. दीड महिना झाला त्याला. खडूनं लिहिलं होतं, 'धुलाई विभागातील निवृत्त कर्मचारी.' मी तिथल्या कारकुनाला म्हणालो, "ही नोंद चुकीची आहे." तो म्हणाला, "रेकॉर्डला असंच हाय की, पावणं." रेकॉर्डला तसंच आहे हे खरं. ते तसं झालं माझ्यामुळं. म्हणूनच ती नोंद मी मानत नाही.

चौऱ्याहत्तर साली माझी नंदा सात वर्षांची होती. पोलिओनं तिचा डावा पाय लुळा पडलेला. आठवड्यातून तीनदा मी तिला मंगळवार पेठेतून सायकलवर बसवून व्यायामोपचार विभागात न्यायचो. कोणता व्यायाम द्यायचा ते फिजिओथेरपीच्या बाई ठरवत आणि तो करून घ्यायला मदतनीस म्हणून बाबालालमामा असत. पन्नाशीचे, बुटके, खणखणीत आवाजाचे. मुलं दोन लाकडी दांड्यांमधून चालू लागली की हे मागून चालत, स्वतःचे हात पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवून. एके दिवशी अकराव्या पावलाला नंदा कोसळली. मामा जागचे हलले नाहीत. "ऊठ की गं वाघिणी! फरशी म्हंजे काय माहेर हाय व्हय तुझं?" ती रडत होती. मी धावलो तर ते मलाच आडवे आले. "पावणं, हात लावायचा न्हाय." मी घड्याळ पाहिलं. पोर चार मिनिटं फरशीवर होती. शेवटी दांडीचा खांब धरून ती आपली आपण उठली, पण ते मला दिसलंच नाही... मला ती चार मिनिटंच दिसली.

भिंतीवर मदतनिसाच्या कामांची यादी टांगलेली होती. मेणाचं भांडं तापवणं, वाळूच्या पिशव्या लावणं, अशी एकूण नऊ कलमं. चौथं होतं, 'रुग्ण पडल्यास उचलणे.' मी ते उतरवून घेतलं आणि वेळेसकट लेखी तक्रार दिली. तीत एक अक्षर खोटं नव्हतं. चौकशी झाली, आणि चौकशीत कुणीतरी यादीच्या तळाची पात्रताही वाचली : सातवी उत्तीर्ण. मामा चौथी पास होते. बारा वर्षं ते काम केलेल्या माणसाला महिन्याभरात चादरी धुवायला पाठवलं.

नवा मदतनीस मॅट्रिक झालेला, सभ्य. चौथं कलम तो तंतोतंत पाळी. नंदा डगमगली की उचले. सहा आठवड्यांत तिच्या अकरा पावलांची सात झाली. पडली की ती दोन्ही हात वर करून वाट बघू लागली. त्या वर केलेल्या हातांनी मला माझी तक्रार काय होती ते दाखवलं.

तक्रार मागं घेतल्याचा अर्ज घेऊन मी धुलाईच्या आवारात गेलो. मामा ओली चादर पिळत होते. त्यांनी अर्ज हातातही घेतला नाही. "लिवण्यात तुमी हुशार हायसा. आता जरा ही दोरी ताणा." चादरी वाळवायच्या दोन दोऱ्या त्यांनी पोराच्या कमरेइतक्या खाली घेतल्या. "हितं तुमचं कलम लागू न्हाय. पोरीला आणा." मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्यायाम मी सांगितलेलाच करायचा. बाकी मला काही दिसत नाही." दोरी दांडीसारखा भार घेत नाही, त्यामुळं पायालाच तो घ्यावा लागे. पावसाळ्यापर्यंत तिथं आठ मुलं चालत होती. दवाखान्याचे मोठे साहेब एकदा विचारायला आले. मामा म्हणाले, "मी चादरी मोजतोय, साहेब. पोरं मधनं हिंडत्यात, त्याला मी काय करू?"

त्यांना पुन्हा विभागात घ्यावं म्हणून मी पाच अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. ते धुलाईतूनच निवृत्त झाले. पात्रता कोणाकडं होती हे त्या आठ मुलांना विचारा.

नंदा आता वीस वर्षांची आहे. कॅलिपर लावून एकटी कॉलेजला जाते. परवा न्हाणीघराच्या दारात तिचा पाय घसरला. तिची आई किंचाळली. मी खुर्चीतून उठलो आणि नंदाच्या मागं जाऊन उभा राहिलो. हात पाठीशी कधी अडकले ते मला कळलं नाही... ती चौकटीकडं सरकली, चौकट धरली आणि खालूनच म्हणाली, "बाबा, घड्याळ नका बघू."