घासून झिजलेला प्लग

चिंचेने पितळ घासताना आंबट वास सुटला, की पंचावन्न सालची जालन्यातली माझी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आठवते. दर शनिवारी मी कॉल जोडायच्या बोर्डाचे पितळी प्लग देवाच्या भांड्यांसारखे चिंच-राखेने लख्ख घासत असे. एका दुपारी बाळंतपणात अडलेल्या लेकीची खबर घ्यायला आलेल्या शेठजींचा हैदराबादचा ट्रंककॉल सारखा तुटू लागला. प्लग भोकात सैल हलत होता. मी तो बोटांनी दाबून धरला. "बाई, हात बिलकुल काढू नका!" शेठजी ओरडले. पलीकडून जावई म्हणाले, "दोघंबी बराबर हायेत," तेव्हाच मी हात काढला. लाइनमन प्लग बघून हसला, "भांडी हायेत का ही? घासून घासून झिजवले न्हाई का, बाई!" तेव्हापासून माझ्या कामांच्या यादीशेजारी, कशाला हात लावायचा नाही याचीही एक यादी असते.