चौकटीखालची भोकं

जुन्या शिडाच्या बोटीला नव्या खिडक्या बसवताना चौकटीखालची बारीक भोकंही मी सिलिकॉननं बुजवली. पाणी तिथूनच आत येतं, असा माझा शोध! आजी होण्याआधी मी अशी शहाणी होते. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली ही बोट येलदरीच्या धरणात होती आणि दुपारी भावजय तीत बसायला येणार होती. मागच्या खेपेला गळक्या खिडकीनं तिची नवी साडी भिजवली होती.

थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरणारा एक माणूस सकाळपासून मला न्याहाळत होता. काडीनं कान कोरायचा, मी भोक बुजवलं की चुकचुकायचा आणि पुन्हा गप्प. असा संताप आला!

"काय बघायलात? कामं नाहीत का?" मी दोनदा खेकसले.

शेवटी खात्री करायला खिडकीवर बादलीभर पाणी ओतलं. चौकटीत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट, ती भोकं, मीच बुजवलेली. ते सगळं आतल्या गादीवर आलं. तराफ्यावरचा तो माणूस पोट धरून हसला.

"ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललात?" मी ओरडले.

"बोटीतलं पाणी बादलीनं उपसता येतंय, ताई. तुमचा राग कशानं उपसावा?"